अंगणवाडीचा इतिहास आणि आपली शुगर

मागच्या महिन्यात पैठण तालुक्यातले एक गृहस्थ ओपीडीत आले. वय त्रेपन्न, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचे. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या वर. रिपोर्ट बघून त्यांनी तोच प्रश्न विचारला जो मला आठवड्यातून निदान चार जण विचारतात: "डॉक्टरसाहेब, मी गोड खात नाही, शेतात राबतो, आमच्या घरात कुणाला शुगर नाही. मग मलाच कशी?"

मी विचारलं, "जन्म कधीचा तुमचा?"

"बहात्तरच्या दुष्काळातला. आई खडी फोडायला जायची अन् मी पोटात होतो. ती सांगायची, मिलो खाऊन दिवस काढले म्हणून."

त्यांच्यासोबत चार वर्षांचा नातूही होता. टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी त्याचा खेळ चालला होता. "हा जातो का कुठे शाळेत?" असं विचारल्यावर आजोबा हसून म्हणाले, "अंगणवाडीत जातो की. खिचडी खातो अन् येतो."

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना हेच डोक्यात होतं. एकाच टेबलासमोर एका गोष्टीची दोन टोकं बसली होती: आजोबांची साखर आणि नातवाची खिचडी. आपल्या वाचकांना मी मधुमेहाचा आहार, औषधं, पायांची काळजी असं बरंच सांगत असतो. आज जरा इतिहास सांगतो. अंगणवाडी कुठून आली, तिच्यासाठी पैसा कुणी दिला आणि कुणी दिला नाही, आणि एका फिजिशियनला त्याच्याशी काय देणंघेणं, हा आजचा विषय.

आधी थोडं शास्त्र

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपली बाळं हलकी, यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण आतून चरबीयुक्त. अशा बाळाचं शरीर कमी अन्नावर जगण्यासाठी तयार झालेलं असतं. पुढे त्याला चहा-बिस्किटं, मोटारसायकल आणि बसून करायचं काम मिळालं की हिशेब बिघडतो. स्नायू कमी म्हणजे साखर वापरणारं यंत्र लहान.

आता माझ्या पेशंटची साखर दुष्काळामुळेच वाढली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं कुणालाच सांगता येत नाही. वय, पोटाचा घेर, झोप, आनुवंशिकता, सगळंच त्यात येतं. पण गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे जे साधारण हजार दिवस असतात, त्यांत जे कमी पडतं ते नंतर भरून काढणं फार अवघड, एवढं आता पक्कं झालं आहे. उंची तेव्हाच खुंटते. मेंदूची बरीचशी बांधणीही तेव्हाच होते. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत भाषा, खेळ, चार मुलांत वावरणं यांतून त्या मेंदूला वळण लागतं. म्हणून आहार, आरोग्य आणि शिक्षण या तीन गोष्टी सहा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत वेगवेगळ्या करता येत नाहीत. सरकारी खात्यांना त्या करता येतात, ही गोष्ट वेगळी.

अंगणात भरलेली वाडी

'अंगणवाडी' हा शब्द दिल्लीच्या कुठल्या फायलीत जन्मला नाही, तो आपल्याकडचा आहे. ताराबाई मोडक राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजातली चांगली नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. ते चांगलं चाललं होतं, पण ती मध्यमवर्गाची मुलं. खेड्यातल्या मुलांचं काय, म्हणून १९४५ मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्यातून शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं येईनात. कारणं साधीच होती. मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी, आईबाप कामावर, अंगावर धड कपडे नाहीत, गावात शिरायचा संकोच. तेव्हा या बायकांनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. अंगण झाडायचं, मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. ती अंगणवाडी. माँटेसरीबाईंची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, डहाणू तालुक्यात, वारली मुलांमध्ये. मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणशाळा निघाली. शाळा कुरणात गेली.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या अंगणवाडीत पहिली क्रिया आंघोळीची आणि नखं कापण्याची होती. शिक्षण नंतर. जंत, खरूज, हगवण यांच्याशी पहिला सामना तिथेच होत होता, आणि हे करणाऱ्या बायका स्वतःला शिक्षिका म्हणवत होत्या.

सरकार मैदानात उतरतं

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यावं, असं म्हटलं होतं आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. चौदापर्यंत म्हणजे शून्यापासून चौदापर्यंत असा अर्थ काढता येत होता. पण शून्य ते सहा ही वर्षं बराच काळ स्वयंसेवी संस्थांवर सोडलेली राहिली.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने काय पाहिलं ते आपल्या घरातले म्हातारेकोतारे अजून सांगतात. तांबडा मिलो, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलाव, रस्त्याची खडी. याच काळात आपल्या राज्यात रोजगार हमीची सुरुवात झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मोठ्यांच्या पोटासाठी कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, आणि याचा मला अभिमान आहे. लहानांसाठी असा कायदा मात्र झाला नाही, योजना झाली.

१९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आलं आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातून मेळघाटातली धारणी आणि मुंबईतली धारावी निवडली होती. एक आदिवासी, एक झोपडपट्टी. तारीख गांधीजयंतीची होती आणि नाव कोसबाडच्या बायकांनी रूढ केलेलं, अंगणवाडी.

या योजनेत सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणी, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वयाच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण. कागदावर ही कल्पना आजही जगात कुठे मांडली तरी नावाजली जाईल अशी आहे. नुसतं अन्न देऊन भागत नाही, हे तेव्हाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. मुलाला गोवर झाला, मग हगवण लागली, की दिलेलं अन्न वाहून जातं आणि वजन उतरतं. वजन उतरलं की पुढचा आजार लवकर पकडतो. म्हणून लस आणि घास एकाच ठिकाणी.

आता पैशाचं बघा. सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेली असेल तर १५०. मदतनीस बाईला ३५. त्याला पगार म्हटलं नाही, मानधन म्हटलं. कारण ती गावातली एक बाई, दिवसातले काही तास समाजसेवा करणारी, असं गृहीत धरलं होतं. हा एक शब्द पुढची पन्नास वर्षं पुरला.

मी इंटर्न असताना, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ग्रामीण पोस्टिंगमध्ये पहिल्यांदा अंगणवाडी जवळून पाहिली. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, एका कोपऱ्यात सुकडीचं पोतं, दुसऱ्या कोपऱ्यात रजिस्टरांची चळत. आढ्याला काटा टांगलेला आणि त्याला चड्डीसारख्या झोळीत लटकवलेलं रडणारं पोर. ताई वजन बघून ग्रेड लिहायच्या. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तिसरी-चौथी म्हणजे तीव्र कुपोषण. मी मोठ्या उत्साहाने त्यांना विचारलं, "ताई, तुमच्याकडे ग्रेड चारचं एकही मूल नाही?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, लिहिलं तर मलाच विचारतात, तुझ्याकडे का म्हणून." तेव्हा ते वाक्य मी विनोद म्हणून मित्रांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ दहा-बारा वर्षांनी कळला.

उपम्याची परीक्षा

अंगणवाडीच्या खाऊने खरंच काही फरक पडतो का? बऱ्याच शिकलेल्या लोकांना ते सरकारी सोपस्कार वाटतं. याचं उत्तर हैदराबादजवळच्या गावांतून मिळालं. १९८७ ते १९९० या काळात तिथल्या काही गावांत योजना पोचली होती, शेजारच्या काहींत अजून यायची होती. पोचलेल्या १५ गावांतल्या गरोदर आणि स्तनदा बायकांना रोज साधारण ५०० कॅलरी आणि मुलांना ३०० कॅलरी देणारा मका-सोयाचा उपमा मिळत होता. उरलेल्या १४ गावांना नाही.

संशोधक त्या मुलांकडे पुन्हा गेले तेव्हा ती १३ ते १८ वर्षांची झाली होती. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. उपमा मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. एवढंसं? हो, एवढंसं. पण पुढचं वाचा. त्यांच्यात इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध सुमारे २० टक्क्यांनी कमी होता आणि धमन्या थोड्या अधिक लवचीक होत्या. इन्सुलिनला विरोध म्हणजे मधुमेहाची पहिली पायरी. मी ज्या गोळ्या लिहून देतो त्यातली सगळ्यात जुनी, मेटफॉर्मिन, याच विरोधावर काम करते. आणि इथे आईच्या पोटात असताना व नंतर मिळालेल्या वाटीभर उपम्याचा परिणाम तेरा वर्षांनंतरही रक्तात दिसत होता.

हा अभ्यास लॉटरी काढून वाटलेल्या औषधाच्या चाचणीइतका काटेकोर नव्हता. ज्या गावांना आधी योजना मिळाली त्यांच्यात आणखीही फरक असू शकतात. तरी मी तो माझ्या ज्युनियर डॉक्टरांना आवर्जून वाचायला देतो.

एक रुपया, दोन रुपये, आठ रुपये

सुरुवातीची तीस वर्षं खर्चाची वाटणी अशी होती: मानधन, प्रशासन वगैरे केंद्राकडे आणि आहाराचा खर्च राज्याकडे. राज्याची तिजोरी आखडली की पहिला घास मुलाच्या ताटातला कमी व्हायचा. अंगणवाडी उघडी, ताई हजर, पोतं मात्र रिकामं. असे महिने गावोगाव गेले आहेत.

२००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका दाखल केली. सरकारी कोठारात धान्य सडतंय आणि माणसं उपाशी आहेत, हे कसं? त्या खटल्यातून एकामागून एक आदेश निघाले. २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश: प्रत्येक वस्तीला अंगणवाडी हवी आणि प्रत्येक मुलाला ३०० कॅलरी व ८ ते १० ग्रॅम प्रथिनं. २००४ चा: दर मुलामागे रोजचा एक रुपया हा खर्च दोन रुपये करा आणि आहाराचा पुरवठा ठेकेदारांमार्फत करू नका. डिसेंबर २००६ चा: देशात १४ लाख अंगणवाड्या उभ्या करा आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत तिने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्या.

२००५-०६ पासून केंद्राने आहाराचा निम्मा खर्च उचलायला सुरुवात केली. दर वाढत गेले: दोनाचे चार, चाराचे सहा, आणि २०१७ मध्ये आठ रुपये. तीव्र कुपोषित मुलासाठी बारा, गरोदर व स्तनदा आईसाठी साडेनऊ. आठ रुपयांत ३०० ऐवजी आता ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची आहेत. सध्या टपरीवर कटिंग चहा कितीला मिळतो ते आपल्याला माहीत आहे.

आपल्या शहरातून निघालेलं मिशन

आता आपल्या गावाचा भाग, जो इथल्याच बऱ्याच लोकांना माहीत नसतो. २००२ च्या आसपास औरंगाबादचे विभागीय आयुक्त होते व्ही. रमणी. महसूल खात्याचा अधिकारी, पण मराठवाड्यातल्या बालमृत्यू आणि कुपोषणाच्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातलं. युनिसेफची मदत मिळाली. पैसा नवा नव्हता, माणसंही तीच होती. केलं काय? प्रत्येक मुलाचं वजन खरोखर करायचं, खरं लिहायचं, आणि ज्याचं वजन फार कमी त्याच्या घरी आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका दोघींनी मिळून जायचं.

हे वाचायला किती सोपं आहे! पण अंगणवाडी महिला-बालविकास खात्याकडे, नर्स आरोग्य खात्याकडे, आणि दोन्ही खात्यांची रजिस्टरं वेगळी, बैठका वेगळ्या. एकाच गल्लीत काम करणाऱ्या दोन बायका एकमेकींची यादी बघत नसत. शिवाय ते वजन लपवणं. इंटर्नशिपमधल्या ताईंचं वाक्य मला इथे आठवलं. खरा आकडा लिहिणाऱ्याला जाब विचारला जाणार असेल तर कोण खरं लिहील? आकडा वाढला म्हणून कुणाला दोष द्यायचा नाही, आकडा खोटा असेल तर विचारायचं, हे वरून सांगावं लागलं. दवाखान्यातही तसंच असतं. साखर वाढल्यावर मी ओरडतो म्हणून पेशंट आदल्या दोन दिवशी उपाशी राहून फास्टिंग चांगलं आणतात. फसतो कोण?

मराठवाड्यातल्या या अनुभवावरून मार्च २००५ मध्ये राज्य सरकारने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केलं. कार्यालय औरंगाबादला आणि रमणी महासंचालक. देशात असं पहिलं. सुरुवात गडचिरोली, अमरावती, नंदुरबार, नाशिक आणि ठाणे या आदिवासी भागांच्या जिल्ह्यांतून झाली आणि मग काम पसरलं. मिशनकडे स्वतःची अंगणवाडी नव्हती, दवाखाना नव्हता. मोजकी माणसं आणि दोन खात्यांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार, इतकंच. दुसऱ्या टप्प्यात, २०११ पासून, कारभार मुंबईला गेला आणि भर दिला गेला तो त्या हजार दिवसांवर.

निकाल? २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली दोन वर्षांखालची ३९ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत ती २३ टक्के निघाली. सात वर्षांत इतकी घट जगात क्वचित होते. युनिसेफने आपल्या अहवालात महाराष्ट्राचं उदाहरण दिलं. याचं सगळं श्रेय मिशनला देणं मला बरोबर वाटत नाही. त्या काळात घरातलं उत्पन्न वाढलं, बायका जास्त शिकल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. पण मिशनचा वाटा नव्हता असं म्हणणंही चूकच.

आणि मग गाडी थांबली. पाच वर्षांखालच्या मुलांचा आकडा घेतला तर २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के बुटकी, २०१५-१६ मध्ये ३४.४, आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. म्हणजे शेवटच्या चार-पाच वर्षांत सुधारणा शून्य. (वरचे आकडे दोन वर्षांखालचे होते, हे पाच वर्षांखालचे. दोन्ही थेट एकमेकांशी ताडू नका.) उंचीच्या मानाने बारीक असलेल्या मुलांचं प्रमाण तर दोन्ही वेळा तेच, २५.६.

कुठे अडलं

एक कारण पैशाच्या वाटणीत आहे. २००९-१० पासून योजनेच्या सर्वसाधारण खर्चाचे ९० टक्के केंद्र आणि १० टक्के राज्य देत होतं. २०१५ नंतर ते ६०-४० झालं. केंद्राचं म्हणणं असं की करांतला वाटा राज्यांना वाढवून दिलाय, आता त्यातून खर्च करा. राज्याकडे पैसा आला हे खरं, पण तो अंगणवाडीवरच खर्च होईल याची सक्ती नव्हती.

दुसरं कारण त्याहून जुनं. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दुरुस्तीत ४५ वं कलम बदलून सहा वर्षांखालच्या मुलांची काळजी आणि शिक्षण हे राज्याने करायच्या 'प्रयत्नांत' गेलं. हक्क सहाव्या वाढदिवसाला सुरू होतो. मेंदू मात्र तोवर थांबत नाही.

तिसरं कारण रोज ओपीडीत दिसतं. अंगणवाडी काही तासांची. आई दिवसभर कामावर. मग दीड-दोन वर्षांचं पोर कुणाकडे? आजीकडे, नाहीतर सात वर्षांच्या बहिणीकडे. बोर्डीच्या वस्तीतली तीच बहीण, फक्त ऐंशी वर्षांनंतरची. घरी येणारी पाकिटातली भुकटी तिने वेळेवर शिजवून भरवावी अशी अपेक्षा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. त्याला धान्यापेक्षा माणसाचा वेळ जास्त लागतो, आणि तोच योजनेत कुठे मोजलेला नाही.

पाळणाघराचे कायदे आहेत. कारखान्यांच्या कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं लिहिलेलं होतं. अशा आकड्यामुळे मालकाला २९ वरच थांबायचा मोह होणारच. केंद्रीय रोजगार हमीत कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला तीच मजुरी द्यायची, अशी तरतूद आहे. माझ्या ग्रामीण पेशंटना मी हे विचारत असतो. बहुतेकींनी ऐकलेलंही नसतं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय सांगायचं? दिवाळीनंतर बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर संसार बांधून जातात, पाडव्याच्या सुमारास परततात. तेवढे महिने पोर गावच्या यादीतून बाहेर आणि कारखान्याकडच्या यादीत बहुधा नसतंच. परत आल्यावर ते पोर खोकल्यासाठी माझ्याकडे येतं, तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येतात.

ताईंबद्दल दोन शब्द

राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. त्या चालवणाऱ्या ताईंचं मानधन २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनीस ताईंचं ४,४२५ वरून ५,५००. तरी त्याच वर्षी डिसेंबरात संप झाला आणि तो पन्नास दिवसांच्या आसपास चालला. २०१७ च्या सप्टेंबरातही झाला होता. संपाच्या काळात 'लोकांची गैरसोय' अशी बातमी येते. मला वेगळं दिसलं. त्या महिन्यांत कुणाचंच वजन झालं नाही, आणि कुणाच्या हे लक्षातही आलं नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला. त्यांचं काम अर्धवेळ नाही, हेही त्यात म्हटलं. १९७५ मधल्या 'मानधन' या शब्दाला पडलेला हा पहिला मोठा तडा. ताई आता मोबाइलवर माहिती भरतात, जन्ममृत्यूच्या नोंदी, लसीकरणाची बोलावणी, सर्वेक्षणं करतात, शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार शाळापूर्व शिक्षणही द्यायचं आहे. तुमच्या गल्लीतल्या ताईला विचारून बघा, गाणी-गोष्टींना दिवसातला किती वेळ उरतो.

नातवाचं काय झालं

आजोबांना औषधं लिहून दिल्यावर मी नातवाला भिंतीशी उभं केलं. उंची ९३ सेंटिमीटर. चार वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण १०३ असते आणि ९५ च्या खाली गेली की ती खुंटलेली मानतात. वजन १३ किलो. हडकुळा म्हणावा असा नाही, गाल भरलेले, त्यामुळे घरात कुणाला शंका आली नव्हती. "आमच्यात सगळेच ठेंगणे," आजोबा म्हणाले. बरेच जण हेच म्हणतात. आईबाप ठेंगणे असतात ते पुष्कळदा त्यांचंही बालपण असंच गेलेलं असतं म्हणून.

मी त्यांना सांगितलं ते आपल्यालाही सांगतो. चार वर्षांचं मूल आता एकदम उंच होणार नाही आणि त्यासाठी बाजारातली डब्यातली पावडर आणू नका. त्याला रोज एक अंडं, नसेल चालत तर डाळ-शेंगदाणे आणि दूध-दही, भाकरीवर चमचाभर तेल-तूप, सहा महिन्यांनी जंताचं औषध, रक्त कमी असेल तर लोहाचं औषध. अंगणवाडी चुकवू नका, खिचडीपुरती नाही, पूर्ण वेळ बसवा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा आणि साडेअकराच्या खाली असेल तर त्याच दिवशी जा. आणि घरात सून गरोदर असेल तर नातवापेक्षा तिच्या ताटाकडे आधी बघा. आजोबा म्हणाले, "आहे ना, पाचवा महिना लागलाय." मग आमचं पुढचं बोलणं सगळं सुनेबद्दलच झालं.

पंधरा दिवसांनी ते फेरतपासणीला आले तेव्हा मी सांगितल्याप्रमाणे अंगणवाडीचं वाढीचं कार्ड घेऊन आले होते. दर महिन्याचं वजन नीट भरलेलं, ठिपके जोडलेले, अक्षर सुंदर. उंचीचा रकाना मात्र जवळजवळ रिकामा. त्यात त्या ताईचा दोष किती मानायचा? आपल्या अंगणवाड्या चाळीस वर्षं फक्त वजनच करत आल्या. उंची मोजायची साधनं सगळीकडे पोचवायचं ठरलं ते २०१८ च्या पोषण अभियानात. वजनाच्या काट्यावर हा मुलगा कधी फारसा घसरलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी काही लिहिलंही नव्हतं. मी कार्डावर तारीख घालून ९३ लिहिलं आणि आजोबांना म्हटलं, पुढच्या महिन्यात ताईंनाच मोजायला सांगा.